आधी वही करा

ताई, मुलगा वर्गात एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही अशी शाळेतून चिठ्ठी आली म्हणून घाबरू नका. पण ‘मुलगाच तो, होईल शांत’ म्हणून सोडूनही देऊ नका. मी तेच केलं आणि दोन वर्षं हातची गेली.

हा एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास असू शकतो. तो रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये कळत नाही. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आहेत का, निदान ६ महिने टिकलीत का, घरी आणि शाळेतही दिसतात का, हे डॉक्टर विचारतात. म्हणून आजपासून वहीत लिहून ठेवा. कान, डोळे, झोप तपासून घ्या. आणि हो, दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगीही यातली असू शकते. तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

घरी एका वेळी एकच सूचना. ‘आवर लवकर’ नको. जवळ जाऊन, डोळ्यांत बघून ‘मोजे घाल’ म्हणा. घातले की लगेच शाबासकी. आम्ही कोथरूडला राहायचो, अभ्यासाआधी माझ्या मुलाला टेकडीवर पळू द्यायचे. मग २० मिनिटं बसायचा.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण. पुढे औषध लागलंच तर भूक, झोप, वजन, उंची बघत राहा, मनाने बंद करू नका.

रात्री शेजारी पडून, आज काय जमलं ते त्याला सांगा. दिवसभर तो नुसता ओरडाच ऐकत असतो हो.