गावाकडची सुट्टी, तीन पिढ्या आणि एक लहान मूल: वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबा, लेकी-सुना, जावई आणि नातवंडं अशी सगळी मंडळी गावाकडच्या घरी एकत्र राहायला जाणार असतील तर काय तयारी करावी, असं विचारणाऱ्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आम्ही अकरा जण पंधरा दिवस गावाकडच्या घरी राहणार आहोत. मुलगा अडीच वर्षांचा आहे. अंगणात हौद आहे, मागे विहीर आहे. घरात इतकी मोठी माणसं असताना त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था लागेल का?

लागेल, आणि माणसं जास्त आहेत म्हणूनच लागेल. घरात आईवडील दोघंच असले की मूल कुणाकडे आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. अकरा जणांत मात्र आईला वाटतं तो आजोबांपाशी आहे, आजोबांना वाटतं तो आत गेला, आणि आत्याला वाटतं दोघंही बाहेरच आहेत. मूल नेमकं याच फटीतून निसटतं.

उपाय साधा आहे, पण पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. कोणत्याही क्षणी मूल एकाच माणसाच्या ताब्यात असावं आणि ते कोण, हे सगळ्यांना माहीत असावं. ताबा देताना मोठ्याने म्हणायचं, ‘आता तुझ्याकडे’. समोरच्याने ‘घेतला’ म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. गळ्यात अडकवायची एक शिट्टी ठेवली तर आणखी सोपं जातं: शिट्टी ज्याच्या गळ्यात, मूल त्याचं. पाण्याजवळ पाळी १५ ते २० मिनिटांची, अंगणात अर्ध्या-पाऊण तासाची. त्याहून जास्त वेळ डोळ्यांत तेल घालून बघणं कुणालाच जमत नाही. पाळीवर असताना फोन नाही, पुस्तक नाही, भाजी निवडणंही नाही.

सगळ्यात धोक्याच्या वेळा आधीच ओळखून ठेवा: पोहोचल्यावर सामान उतरवताना, पानं वाढताना, तिन्हीसांजेला आणि पाहुणे निघताना. शेवटची वेळ सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अंगणात गाडी मागे घेताना तिच्यामागे उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसतच नाही. त्यामुळे गाडी सुरू करण्याआधी मुलाचा हात कुणीतरी धरलेला आहे, हे डोळ्यांनी बघून घ्या.

आता पाण्याचं. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वास घ्यायचीच धडपड चाललेली असते, आवाज काढायला वाव नसतो. त्यामुळे ‘काही झालं तर आवाज येईलच’ या भरवशावर राहू नका. नाक-तोंड बुडण्यापुरतं, म्हणजे ५ सेंटीमीटर पाणीही पुरतं. या वयात धडाच्या मानाने डोकं जड असतं. मूल बादलीत वाकलं की डोक्यावर जातं आणि त्याला स्वतःहून वर येता येत नाही. म्हणून वापर झाला की बादल्या, टब, घमेली लगेच पालथी घाला. हौदावर नुसतं प्लॅस्टिक अंथरू नका. मुलाच्या वजनाने ते आत जातं आणि मूल त्यातच गुंडाळलं जातं. मूल उभं राहिलं तरी वाकणार नाही, अशी लोखंडी जाळी बसवून तिला कडी घाला. विहिरीचा कठडा निदान १.२ मीटर उंच हवा आणि त्याला लागून दगड, पेटी, ओंडका असं चढायला काही नको. कठडा ठेंगणा असेल तर मागच्या दाराला मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर दुसरी कडी बसवा, आणि ती जाण्याआधी बसवा. ‘गेल्यावर बघू’ म्हटलं की ते राहतंच. हवेच्या रिंगा आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. त्यांच्या भरवशावर हातभरापेक्षा लांब जाऊ नका.

मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघायचं, मग माळा आणि शेजार. पाण्यातून काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करायची, मग छाती दाबायची आणि मदत येईपर्यंत दोन्ही चालू ठेवायचं. निघण्याआधी घरातल्या दोघांनी तरी हे हाताने करून शिकून घ्यावं. वाचून ते येत नाही.

पहिल्या दिवशी आणखी एक काम करा. गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून घर फिरा. बंद असलेल्या घरात उंदराचं औषध कोपऱ्यात असतं, फवारणीचं औषध किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं असतं. मुलाला ती बाटली ओळखीची वाटते आणि ते तोंडाला लावतं. असलं सगळं कुलपात ठेवा. तरी पोटात गेलंच तर उलटी करवू नका. रॉकेल उलटून येताना फुप्फुसात शिरतं आणि खरी इजा तिथे होते. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

प्रश्न: आजोबांना मधुमेह आणि रक्तदाब, आजीला हृदयाचा त्रास. दोघांची मिळून नऊ औषधं आहेत. उन्हाळ्यात ती टिकतील का, आणि नातीपासून कशी जपायची? नात दोन वर्षांची आहे.

दुसरा भाग आधी घेऊ, कारण तो जास्त तातडीचा आहे. आजीची पर्स, उशीखालची पाकिटं, खिडकीतली वारांची डबी (वारानुसार गोळ्यांचे कप्पे असलेली) ही मुलांना औषध सापडण्याची नेहमीची ठिकाणं. वारांच्या डब्या मोठ्यांच्या दुखऱ्या बोटांना सहज उघडाव्यात अशाच केलेल्या असतात, म्हणून त्या दोन वर्षांच्या मुलालाही उघडतात. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, एकच पोटात गेली तरी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तीही काही तास उलटल्यावर. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तितक्याच घातक आहेत. एक गोळी कमी भरली आणि ती नेमकी कुठे गेली हे कळलं नाही, तर मूल खेळतंय म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या.

घरात औषधांची एकच पेटी ठेवा, कुलूप लावून, उंचावर. किल्ली एका माणसाकडे. गोळी ताटाशेजारी काढून ठेवायची नाही, पेटीपाशीच गिळायची. श्रवणयंत्राचे जुने सेलही याच पेटीत ठेवा, कारण मुलं ते नाकात-कानात घालतात. रिमोटमधला मोठा चपटा सेल त्याहून वाईट. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. त्यामुळे रिमोटचं झाकण स्क्रूचं नसेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

आता टिकण्याचं. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. वापरातली बहुतेक इन्सुलिनं सुमारे चार आठवडे २५ ते ३० अंशांच्या आत टिकतात. नेमका आकडा आपल्या औषधासोबतच्या माहितीपत्रकात बघा. वीज गेली तर पाणी भरलेलं मातीचं भांडं आणि त्याभोवती ओलं कापड, आत कोरड्या डबीत कुपी, असं सावलीत वाऱ्याला ठेवा. बाष्पीभवनाने थंडावा येतो. हवा दमट असेल तर हा उपाय फारसा चालत नाही. प्रवासात कुपी बर्फाला चिकटून ठेवू नका: गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी फेकूनच द्यायचं. गाडीच्या कप्प्यात तर कोणतंच औषध नको.

उन्हाने औषधांचा परिणामही बदलतो. गरम त्वचेतून इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी घाम-जुलाबांत अंगातलं पाणी अधिकच कमी होतं. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: ‘उलट्या-जुलाब झाले तर यांतल्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या?’ उत्तर कागदावर लिहून घ्या, आपल्या मनाने काही थांबवू नका. वयाबरोबर तहान कमी लागते, तेव्हा पाणी घड्याळ बघून द्यावं. आजींना हृदयामुळे पाण्याची मर्यादा सांगितली असेल तर हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न: गावाला गेलं की मुलीची झोप बिघडते आणि ती दिवसभर किरकिरते. शिवाय जेवणाआधी तिला काहीतरी भरवलं जातं. वाद कसा टाळावा?

एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३ तास. गर्दीच्या घरात सगळं वेळापत्रक सांभाळणं अशक्य असतं. दोनच खुंट्या घट्ट ठोका: उठण्याची वेळ आणि दुपारची झोप. रात्री तासभर उशीर झाला तरी या दोन वेळा टिकल्या तर मूल सावरतं. घरी वापरते तीच चादर बरोबर घ्या, न धुता. ओळखीच्या वासाने नव्या जागी झोप लवकर लागते. बरोबर वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला वेगळ्या, सपाट, कडक अंथरुणावर पाठीवर निजवा. दाटीवाटीने झोपलेल्या मोठ्यांच्या मध्ये मुळीच नको.

खाण्याच्या बाबतीत आईवडिलांनी फक्त तीन गोष्टींवर ठाम राहावं, असं आमचं मत आहे. चार वर्षांखाली अख्खे दाणे, गोल कडक गोळ्या आणि अख्खी द्राक्षं नाहीत. द्राक्षाचे उभे चार तुकडे करायचे, कारण आडवी चकती घशात तशीच बसते. एक वर्षाखाली मध नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि औषध फक्त आईवडील देतील. एरवी जेवणाआधीचा खाऊ आजीच्या हाताने गेला तर जाऊ द्या. पंधरा दिवसांनी सवय परत लागते. पंधरा गोष्टींना नाही म्हटलं तर त्या तीनही ऐकल्या जात नाहीत.

प्रश्न: डासांचं मलम आणि उन्हाचं क्रीम दोन्ही लावायचं तर आधी कोणतं?

आधी उन्हाचं, ते मुरलं की वरून डासांचं. उन्हाचं क्रीम एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि कपडे हाच उपाय. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम दोन महिन्यांखाली आणि लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखाली वापरू नये. मलम मोठ्यांनी आपल्या हातावर घेऊन मुलाला लावावं. मुलाच्या तळहातांना लावू नये, ते थेट तोंडात जातात. दोन्ही एकत्र असलेली क्रीमं घेऊ नका. उन्हाचं पुन्हा पुन्हा लावावं लागतं आणि त्याबरोबर डासांचं औषध नको तितकं जातं.

प्रश्न: जुलाब लागले तर दवाखाना गाठेपर्यंत काय करावं?

ओआरएस. पुड्या बरोबर न्या आणि पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा. एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवणं ही नेहमीची चूक आहे. त्याने अंगातलं मीठ धोकादायक वाढतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. केलेलं पाणी २४ तासांनी ओता. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलांना १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी मुलाला कधीही देऊ नका. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा तास लघवी नाही, सुस्ती किंवा काहीच पोटात न राहणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक निघा.

पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरतं. ते पुन्हा बिघडतं ते हात घालून पेला बुडवल्याने, म्हणून तोटीचं किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याचं भांडं ठेवा.

प्रश्न: साप-विंचवाची भीती वाटते. काय जवळ ठेवावं?

औषधापेक्षा माहिती जवळ ठेवा: सापाच्या विषावरचं प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे आणि रात्री तिथे कोण असतं. हे पोहोचल्याच दिवशी विचारा. साप चावला तर घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी, पैंजण, बांगड्या काढा, चावलेला अवयव फळी बांधून स्थिर करा आणि मुलाला चालू न देता उचलून न्या. प्रतिविषाची मात्रा मुलाला मोठ्यांइतकीच लागते, कारण ती अंगात शिरलेल्या विषावर ठरते, वजनावर नाही. डॉक्टरांनी तितक्या कुप्या मागितल्या तर दचकू नका. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय असं काही दिसलं तर तो नुसत्या दुखण्याचा प्रश्न राहिलेला नाही. रात्री मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचा, जोडे झटकून घाला आणि विजेरीशिवाय अंगणात पाऊल टाकू नका. कुत्रं किंवा मांजर चावलं वा ओरखडलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी न्या, जखम कितीही बारीक असो.

प्रश्न: आम्ही दिवसभर फिरायला जाऊ आणि तीन वर्षांचा मुलगा ६८ वर्षांच्या आजीजवळ राहील, असं ठरतंय. आजी ‘जा’ म्हणतात. जावं का?

आजी ‘जा’च म्हणणार. त्यांना सगळ्यांसमोर नव्हे, एकटीला विचारा, आणि ‘जमेल का?’ असं न विचारता ‘किती वाजेपर्यंत बरं पडेल?’ असं विचारा. मग तीन गोष्टी स्वतः बघा: त्या साधारण १४ किलोचं मूल जमिनीवरून उचलू शकतात का, खाली बसून आधाराशिवाय उठू शकतात का, आणि वीस पावलं पळून त्याला गाठू शकतात का. यांतली एक जरी गोष्ट जमत नसेल तर घरात दुसरं धडधाकट माणूस हवंच. तिन्ही जमत असलं तरी सलग दोन-अडीच तासांवर नको, आणि तेही सकाळचे. अकरा ते चार हा वेळ आजींच्या विश्रांतीचा धरा.

रात्री मूल आजीजवळ झोपणार असेल तर अंथरुणापासून मोरीपर्यंत मंद दिवे ठेवा आणि वाटेतली खेळणी उचला. अंधारात मुलाला घेऊन जाताना पाय अडखळला तर दोघंही पडतात. आणि तुम्ही फिरायला जाताना एक गाडी व ती चालवणारा एक माणूस घरी राहू द्या. किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर ठेवा, कुणाच्या खिशात नको.