बारा बोअरच्या दुनळी बंदुकीसाठी पुलथ्रू कसा निवडावा आणि कसा वापरावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांच्या पश्चात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बारा बोअरची दुनळी बंदूक आपल्या नावावर झाली आहे, तिच्यासोबत तीन तुकड्यांची लाकडी गजकाठी आणि झिजलेला ब्रश मिळाला आहे, आणि दुकानदाराने त्याऐवजी दोरीसारखा ओढायचा पुलथ्रू घ्यावा असे सुचविले आहे. तो पुरेसा आहे का, कोणत्या मापाचा घ्यावा, आणि डाव्या नळीत दिसणाऱ्या काळपट डागांवर त्याचा उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. माझी स्वतःची बंदूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या बागेत गेली अनेक वर्षे वापरात आहे आणि या तिन्ही बाबतींत मी चुका करून शिकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुलथ्रू अवश्य घ्यावा, परंतु गजकाठी टाकून देऊ नये. समुद्राकाठच्या दमट हवेत बंदूक किती कसून साफ केली यापेक्षा बार काढल्यानंतर किती लवकर साफ केली याला अधिक महत्त्व असते, आणि गजकाठीचे तुकडे जोडत बसण्याचा कंटाळा येऊन जे काम आपण रविवारवर ढकलतो, ते पुलथ्रूने त्याच संध्याकाळी पाच मिनिटांत होते. एवढ्या एका कारणासाठी मी त्याला पहिले स्थान देतो. मात्र त्याच्याने न होणारी दोन-तीन कामे आहेत आणि त्यांच्यासाठी काठी लागतेच.

प्रथम मापाविषयी. नळीच्या आतल्या व्यासाचे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड वजन भरते, म्हणून ती बारा बोअर; हा व्यास साधारण 18.5 मिलिमीटर असतो. सोळा बोअरचा व्यास सुमारे 16.8, वीस बोअरचा 15.6 आणि ज्याला आपण चारशे दहा म्हणतो त्या बारीक नळीचा जवळपास 10.4 मिलिमीटर असतो. ‘सर्व बोअरना चालेल’ असे लिहिलेला पुलथ्रू घेऊ नये. तो बारीक नळीत अडकतो आणि जाड नळीत भिंतीला न टेकता नुसता फिरून येतो, आणि दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण दोरी सहज बाहेर येते तेव्हा नळी स्वच्छ झाली असे वाटते. नळी सरळ नळकांड्यासारखी नसते हेही ध्यानात ठेवावे. काडतूस बसते ते चेंबर बोअरपेक्षा जवळपास दोन मिलिमीटरने रुंद असते, त्यापुढे उतार देऊन नळी अरुंद होते, आणि तोंडाजवळ चोक असल्यास ती आणखी आवळते. पूर्ण चोकमध्ये हा आवळा सुमारे एक मिलिमीटरपर्यंत असतो. बहुतेक दुनळी बंदुकांत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते, त्यामुळे एकच पुलथ्रू उजवीकडून हलका आणि डावीकडून जड येतो. हा फरक स्वाभाविक आहे.

प्रकार मुख्यतः तीन आहेत. पहिला जुना लष्करी पद्धतीचा, म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी आणि चिंधी अडकवण्यासाठी तिला केलेले फासे. शाळा-महाविद्यालयात ज्यांनी एनसीसी केली त्यांना थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दस्त्यातल्या झाकणाआड, तेलाच्या छोट्या बाटलीशेजारी गुंडाळून ठेवलेला हा पुलथ्रू आठवत असेल. त्या दोरीला तीन फासे असत: वजनाजवळचा तारेच्या जाळीसाठी, मधला चार बाय दोन इंचाच्या चिंधीसाठी, आणि अगदी शेवटचा, मध्येच काही अडकले तर मागे ओढून काढता यावे यासाठी. दुसरा प्रकार सध्या सर्वाधिक विकला जाणारा, सापासारखा विणलेला जाड नायलॉनचा. त्याच्या विणीतच कांस्याच्या तारांचे ब्रश बसवलेले असतात आणि मागचा जाड भाग चिंधीचे काम करतो. तिसरा म्हणजे प्लास्टिकचे आवरण असलेली पोलादी तार, जिच्या टोकाला ब्रश, चिंधीची खाच किंवा लोकरी बोंडा आटे फिरवून लावता येतो.

आपल्यासारख्या एका बंदुकीच्या मालकाने दुसरा प्रकार घ्यावा असे माझे मत आहे, मात्र दुकानातच तीन गोष्टी तपासाव्यात. वजन पितळेचे असावे, लोखंडाचे नको. ब्रशच्या तारा कांस्याच्या असाव्यात. दुकानात खिशातले चुंबक लावून पाहिले तरी कळते, चिकटल्या तर त्या पोलादी आहेत आणि जुन्या, आतून क्रोमचा मुलामा नसलेल्या नळीत त्या कधीही घालू नयेत. आणि तिसरी, जिच्याकडे कोणी पाहत नाही ती गोष्ट म्हणजे शेपटीचा फासा. लष्करी दोरीला जो तिसरा फासा होता, तसा मागच्या टोकाला शिवलेला, हिसका दिला तरी न उसवणारा फासा असलाच पाहिजे.

हे मी एवढे आग्रहाने का सांगतो त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी नाडीच्या दोरीला गाठ मारून घरीच पुलथ्रू केला होता. एका पावसाळी संध्याकाळी घाईत चिंधी दुपटीने जाड घेतली. उजव्या नळीतून ती घट्ट का होईना पण आली, आणि त्याच मापाने मी ती डाव्या नळीत घातली. चोकच्या तोंडाशी ती आवळून बसली, मी जोर केला आणि दोरी गाठीपाशी तुटली. मागे ओढायला काहीच उरले नव्हते. शेवटी तोंडाकडून तेलाचे थेंब सोडून, रात्रभर मुरू देऊन, दुसऱ्या दिवशी बोअरपेक्षा किंचित बारीक अशी गुळगुळीत सागवानी काठी तोंडातून घालून हलक्या ठोक्यांनी चिंधी चेंबरकडे परत सरकवावी लागली. अशा वेळी कोणी ‘एक बार काढा म्हणजे निघून जाईल’ असे सुचविले तर त्याचे मुळीच ऐकू नये. नळीत अडथळा असताना बार काढल्यास नळी फुगते किंवा फाटते, आणि ती फुटल्यास नळी धरलेल्या डाव्या हाताला इजा होऊ शकते. लोखंडी सळईही वापरू नये, तिने आत ओरखडे पडतात.

आता वापरण्याची पद्धत. बंदूक बिजागरीवर वाकवून उघडावी, दोन्ही चेंबर रिकामी असल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, पुढचा लाकडी भाग काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात. पुलथ्रूचे वजन नेहमी चेंबरच्या बाजूने सोडावे आणि तोंडाकडून ओढावे, म्हणजे मळ आपोआप बाहेर पडतो आणि एजेक्टरच्या (झाडलेले काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) फटींत जाऊन बसत नाही. ओढण्यापूर्वी ब्रशच्या पुढच्या भागावर साफ करण्याच्या द्रवाचे चार-पाच थेंब टाकावेत, शेपटीचा भाग कोरडा ठेवावा. ओढताना दोरी नळीच्या सरळ रेषेत राहिली पाहिजे. दोरी तिरकी झाली की ती तोंडाच्या कडेवर घासते, आणि तिला चिकटलेली धूळ कानशीसारखे काम करते; जुन्या रायफलींच्या तोंडाशी अशा घासण्याने पडलेल्या खाचा ही प्रसिद्ध गोष्ट आहे. एकट्याने काम करायचे असेल तर मी ओटीवरच्या खांबाच्या खुंटीला दोरीचे पुढचे टोक अडकवतो आणि दोन्ही हातांनी नळ्या धरून त्याच मागे ओढतो. दोरी ताणलेली राहते, नळी सरळ राहते आणि हाताला दोरी काचत नाही. ओढ एकसंध असावी, मध्ये थांबू नये, कारण थांबल्यावर कांस्याच्या तारा वाकतात आणि पुन्हा सुटायला दुप्पट जोर लागतो. दर नळीला तीन वेळा पुरते. चोक बदलता येणारी बंदूक असल्यास तो जागेवर ठेवूनच हे करावे, नाहीतर मळ आट्यांत शिरतो.

यानंतर पुलथ्रूची मर्यादा सुरू होते. चेंबर रुंद असल्यामुळे बोअरच्या मापाचा पुलथ्रू त्याच्या भिंतीला नीट घासत नाही, आणि काडतुसाच्या कडेचा मळ नेमका तेथेच साचून पुढे गंजाचे कडे तयार होते. मग झाडलेले काडतूस बाहेर यायला कुरकुर करते. त्यासाठी काठीच्या एका तुकड्याला जाड लोकरी बोंडा लावून तो चेंबरमध्ये गोल फिरवावा. उतारावर साचणारे शिसे आणि काडतुसात दारू आणि छरे यांच्यामध्ये असलेल्या प्लास्टिकच्या वॅडने चोकजवळ उठवलेले करडे पट्टे यांनाही मागे-पुढे घासणे लागते, आणि दोरीने मागे-पुढे करता येत नाही. महिन्यातून एकदा, किंवा पाव-अर्धा शेकडा बार झाल्यावर, नवा कांस्याचा ब्रश लावून आपल्या वडिलांच्या काठीनेच हे काम करावे. रायफलसाठी मिळणारा अमोनियाचा, तांबे विरघळवणारा द्रव आणू नये. छऱ्याच्या बंदुकीत तांबे नसतेच, आणि तो द्रव आपल्या ब्रशच्या तारा मात्र खातो. रॉकेल चालते, फक्त ते पूर्ण पुसून काढून वर तेल द्यावे, कारण रॉकेल गंजापासून रक्षण करीत नाही.

तेलासाठी वेगळा, ब्रश नसलेला दोरीचा पुलथ्रू ठेवावा. येथे लष्करी पद्धत अजून उत्तम आहे. बारा बोअरला जुन्या, मऊ सुती कापडाची सुमारे तीन इंच चौरस चिंधी बरोबर बसते. तिच्यावर बंदुकीचे किंवा शिवणयंत्राचे तेल दोन-तीन थेंब टाकून एकदा ओढावे. खोबरेल वापरू नये. थंडीत ते थिजते आणि कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. तेल जास्त झाल्यास उभ्या ठेवलेल्या बंदुकीत ते खाली उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते, म्हणून तेल दिल्यानंतर पहिली रात्र नळ्या तोंड खाली करून ठेवाव्यात. पुढच्या वापरापूर्वी कोरडी चिंधी ओढून तेल पुसून घ्यावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, एकही बार काढला नसला तरी, मी दर पंधरा दिवसांनी तेलाची चिंधी ओढतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर जमा करण्याच्या दिवशी तेलाचा हात नेहमीपेक्षा जाड द्यावा, कारण पुढचे काही आठवडे तिच्याकडे पाहणारे कोणी नसते. आणि ती परत आल्यावर सर्वप्रथम नळ्यांतून उजेडाकडे पाहावे. कुंभारीण माशीने नळीत मातीचे घर केलेले मी स्वतः एकदा पाहिले आहे.

विणलेला पुलथ्रू स्वतः मळतो, हे बहुतेकजण विसरतात. काळा झालेला पुलथ्रू मागचा मळ पुन्हा नळीत पसरवतो. आठ-दहा वेळा वापरल्यावर तो जुन्या बादलीत कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून चोळावा. त्यात शिशाचा अंश असतो, म्हणून स्वयंपाकघरातले भांडे घेऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. धुतल्यावर तो पूर्ण, म्हणजे आतल्या विणीपर्यंत, वाळायला कोकणात दोन-तीन दिवस लागतात, आणि पावसाळ्यात त्याहून अधिक. ओलसर पुलथ्रू नळीत ओढणे हे पाणी ओतण्यासारखेच आहे. मी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या उन्हात तो धुतो आणि मग दिवाळीपर्यंत धूत नाही.

शेजारी कोणाची ठासणीची बंदूक असेल तर वरील सर्व त्यांना जसेच्या तसे सांगू नये. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा शोषते आणि ती तेलाने निघत नाही, गरम पाण्यानेच निघते. तेथे आधी पाणी, मग कोरडी चिंधी आणि नंतर तेल असा क्रम लागतो.

आता आपल्या डाव्या नळीतील डागांविषयी. चेंबरच्या पुढे चार बोटांवर ते दिसतात असे आपण लिहिले आहे. त्या जागी शिसे साचलेले असू शकते किंवा गंजाने खड्डे पडलेले असू शकतात, आणि दोन्ही दिसायला काळपटच असतात. द्रव लावून पंधरा मिनिटे थांबावे, कांस्याच्या ब्रशने काठीवर दहा-बारा वेळा घासावे आणि पांढरी चिंधी ओढावी. चिंधीवर करडी चमक आली आणि डाग फिकट झाला तर ते शिसे होते, आणखी दोनदा घासल्यास जाईल. चिंधी तांबूस आली आणि डाग जागच्या जागी राहिला तर तो गंज आहे, आणि त्याखालचे खड्डे कोणताही पुलथ्रू भरून काढू शकत नाही. तेव्हा नळी परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराकडे नेऊन त्या जागी भिंतीची जाडी मोजून घ्यावी, आणि तोपर्यंत डाव्या नळीतून बार काढू नये. नळीच्या पृष्ठभागावर बारीक तिरप्या वळ्यांची नक्षी दिसत असेल, तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी असण्याचा संभव आहे. अशा नळ्या बहुधा काळ्या दारूसाठी बनवलेल्या असत. तसे असल्यास आजची काडतुसे दोन्ही नळ्यांत घालणे कारागिराने तपासून सांगेपर्यंत थांबवावे.