डब्लिनमध्ये एका संध्याकाळी आठ पब? तीन करा, आणि नीट बसा

तुमची आठ पबांची लिस्ट वाचून हसू आलं, रागावू नका. १२ वर्षांपूर्वी इथे नवीन आलो तेव्हा मी आणि नवऱ्याने अशीच लिस्ट केलेली आणि चौथ्या पबानंतर मला फक्त कुठल्या पबाचं बाथरूम कुठे आहे एवढंच आठवत होतं. तुमचं म्हणणं असं की ऑफिसच्या कामाने डब्लिनला येताय, शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे, मिसेस सोबत आहेत, त्या पीत नाहीत, दोघंही व्हेज, आणि टुरिस्टांसाठी सजवलेले सोडून खरे जुने पब हवेत. तर तीन करा. जुन्या पबात काही घडायचं असेल तर तासभर तरी बसावं लागतं, बाजूचा म्हातारा पहिला अर्धा तास तुमच्याकडे बघतही नाही आणि मग एकदम हवामानावरून सुरू होतो ते त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत जातो.

टेंपल बार या टुरिस्टी भागाबद्दल सगळे नावं ठेवतात, मी म्हणते दहा मिनिटं फिरून या, तो लाल रंगाचा फुलांनी लगडलेला पब बाहेरून बघा, फोटो काढा आणि निघा. तिथे गिनेसची, म्हणजे इथल्या काळ्या बिअरची, पिंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) १० युरोच्या आसपास पडते, आणि थोडं लांब साध्या पबात तीच ६-७ युरोला मिळते. ब्रेझन हेडच्या पाटीवर ११९८ लिहिलंय म्हणून तो तुमच्या लिस्टमध्ये पहिला आहे, पण आत्ता जी इमारत उभी आहे ती १७५४ ची. छान आहे, पण त्या आकड्यासाठी जाऊ नका.

सुरुवात संध्याकाळी साडेचारला करा. हो, साडेचारला. शनिवारी सातनंतर शहराच्या मधल्या पबांत उभं राहायला जागा नसते, खांद्याला खांदा लावून ओरडत बोलावं लागतं. ग्राफ्टन स्ट्रीटच्या बाजूला साउथ अ‍ॅन स्ट्रीटवर किहोज आहे, तिथे जा. बारच्या मागे जुने लाकडी ड्रॉवर दिसतील, अगदी आपल्या वाण्याच्या दुकानासारखे, कारण पूर्वी इथले बरेच पब अर्धे किराणा दुकान असायचे, एकीकडे चहा साखर आणि दुसरीकडे व्हिस्की. आणि तिथली स्नग रिकामी असेल तर झडप घालून बसा. स्नग म्हणजे बारला चिकटून लाकडी पार्टिशन घालून केलेली चिमुकली खोली, बारमनकडे उघडणारी एक खिडकी, तेवढ्यातून ग्लास आत येतो. बायकांनी पबात पिताना दिसणं वाईट समजलं जायचं त्या काळात बायका इथे बसायच्या, शिवाय कोणाला दिसायला नको म्हणून पाद्री आणि पोलीससुद्धा. मला ती जागा भयंकर आवडते आणि दर वेळी थोडा रागही येतो.

त्यावरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अगदी १९७० च्या दशकातसुद्धा कित्येक पब बाईला पिंट द्यायचे नाहीत, अर्धीच पिंट घ्या म्हणायचे. तेव्हा नेल मॅक्कॅफर्टी नावाची पत्रकार ३० जणींना घेऊन एका पबात गेली, ३० ब्रँड्या मागवल्या, त्या आल्यावर वर एक पिंट गिनेस मागवली. पिंट द्यायला नकार मिळाला. मग यांनी ब्रँड्या पिऊन टाकल्या आणि आमची ऑर्डर पूर्ण झालीच नाही म्हणून पैसे न देता बाहेर! मिसेसना स्नगमध्ये बसल्यावर हा किस्सा नक्की सांगा.

आता गिनेस. ऑर्डर टेबलावर कोणी घ्यायला येत नाही, बारपाशी जायचं. लाइन दिसत नाही पण बारमनच्या डोक्यात ती असते, कोण आधी आलं ते त्याला बरोबर माहीत असतं, त्यामुळे नोट हलवणं, चुटकी वाजवणं असलं काही करू नका, नजरेला नजर मिळाली की झालं. तो ग्लास तिरका धरून पाऊण भरेल आणि ठेवून देईल. इथेच नवी माणसं हात घालतात, मीही घातलेला, बारमनने लहान मुलाला दटावतात तसं बघितलं. त्यात नायट्रोजन असतो, बुडबुडे खाली जातायत असं वाटतं, रंग तपकिरीचा काळा होतो, मग तो वरचा भाग भरून देतो. दोनेक मिनिटं लागतात. अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या जवळपास निम्मं, रंगाला घाबरू नका. आणि व्हेज असाल तर, पूर्वी ती गाळायला माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरायचे, आता काही वर्षांपासून वापरत नाहीत. मिसेससाठी बिनअल्कोहोलची गिनेस ०.० मागा, बऱ्याच ठिकाणी नळाची मिळते, नाहीतर कॅन असतोच. किंवा सरळ चहा मागा, कोणी नाक मुरडत नाही, आयरिश माणूस चहाच्या बाबतीत आपल्याहून वेडा आहे.

बऱ्याच जुन्या पबांत जेवण नसतंच आणि जिथे असतं तिथे किचन नऊच्या सुमारास बंद होतं. म्हणून दुसरा मुक्काम साउथ विल्यम स्ट्रीटवर ग्रोगन्स. टीव्ही नाही, गाणी नाहीत, भिंतीवर विकायला लावलेली चित्रं, नुसता गप्पांचा गोंगाट. तिथला टोस्ट केलेला चीज सँडविच प्रसिद्ध आहे, हॅम नको एवढं आठवणीने सांगा. त्यावर पोट भरणार नाही पण रात्र निघते. (कोणी म्हणेल बटाटेवडा मिळाला असता तर. माहितीये हो. १२ वर्षं तेच म्हणतेय.)

कोणाशी ओळख झाली आणि त्याने तुमच्यासाठी ड्रिंक आणलं तर पुढचं तुम्ही आणायचं, हा राउंडचा नियम. शेजारीण डब्यातून काही पाठवते तेव्हा आपण डबा रिकामा परत करत नाही ना, तसं समजा. मी पहिल्यांदा ऑफिसच्या लोकांबरोबर गेले तेव्हा चार जणांनी आळीपाळीने आणलं आणि मी थँक्यू म्हणत घरी आले, कोणी काही बोललं नाही, सहा महिन्यांनी एका मैत्रिणीने सांगितलं तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पिणारे नसाल तरी राउंडमध्ये शिरू शकता, तुमची लिंबू-सोडा चालते. राउंड नको असेल तर पहिल्यालाच सांगा की आम्ही लवकर निघणार आहोत. बारवर टिप द्यायची पद्धत नाही.

मग तिसरा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. लिफी नदी ओलांडून स्मिथफील्डला कॉबलस्टोन. चालत वीसेक मिनिटं, पाऊस असेल (असेलच) तर नदीपलीकडे जाऊन लुआसची रेड लाइन पकडा, ट्राम स्मिथफील्डला थांबते. बाहेरून अगदी साधा, जरा कळकट म्हटलं तरी चालेल. २०२१ मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्लॅन आला होता, त्यात हा पब जवळपास गिळला गेला असता, लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. आत पुढच्या कोपऱ्यात सेशन, म्हणजे आयरिश लोकसंगीताची बैठक, चालते. स्टेज नाही, माइक नाही, टेबलाभोवती गोल करून वाजवणारे बसलेले, फिडल (व्हायोलिनच), टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, डफासारखं बोधरान, कधी कोपराखाली भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स. एकजण सूर धरतो, बाकीचे ओळखीचा वाटला की उचलतात, दोन-तीन चाली एकाला एक जोडून वाजवतात आणि मग थांबून पितात. गावातल्या देवळात भजनाला लोक जमतात तसंच बघा, ऐकणाऱ्यांसाठी कमी आणि एकमेकांसाठी जास्त. म्हणून टाळ्यांचा ठेका धरू नका, फर्माईश करू नका, आणि कोणी एकटा गायला लागला तर पूर्ण गप्प, बारमनसुद्धा ग्लास वाजवत नाही. आणि त्या टेबलाजवळचं रिकामं स्टूल हे रिकामं नसतं! मी एकदा एका पबात आनंदाने जाऊन बसले, पाच मिनिटांनी एक बाई अ‍ॅकॉर्डियन घेऊन डोक्यावर उभी.

कुठून आलात हे विचारतीलच. सिंधुदुर्गचे असाल तर मजा आहे. २०१७ ला लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, तेव्हा माझं माहेर त्याच जिल्ह्यातलं म्हटल्यावर एका आजोबांनी माझ्याकडे त्यांच्यासाठी 'टॅक्स कमी करा' असा निरोप दिला होता, तो अजून पोचवायचाय.

शनिवारी बार साडेबाराला बंद होतो, मग ग्लास संपवायला अर्धा तास. तोवर थांबायची गरज नाही, साडेदहा-अकराला उठा, टॅक्सी सहज मिळते. रविवारची दुपार मोकळी असेल तर ग्लासनेविनच्या कबरस्तानाला लागून कॅव्हनाज आहे, १८३३ चा, सगळे त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतात कारण कबरी खणणारे तिथे यायचे. गाणं नाही, टीव्ही नाही. आधी कबरस्तान बघा, डॅनियल ओ'कॉनेल आणि मायकल कॉलिन्स हे आयर्लंडच्या इतिहासातले मोठे नेते, दोघंही तिथेच आहेत, मग तिकडे. नवऱ्याचा आवडता पब हाच, माझा कॉबलस्टोन, यावरून आमचं घरी अजून मिटलेलं नाही. अर्धी पिंट हवी असेल तर इथे नुसतं 'ग्लास' म्हणायचं. रेनकोट आणा, छत्री वाऱ्याने उलटी होते.