वाचकांचे प्रश्न : घाट चढताना डिपस्टिक वर का येते?

प्रश्न : माझ्याकडे १.८ लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे आणि कंपनीनेच सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) बसवलेले पेट्रोल इंजिन असलेली जुनी सेडान आहे. गाडी १ लाख ३० हजार किलोमीटर चालली आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर थांबलो, तेव्हा डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) आपोआप बाहेर आलेली होती. इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑइल ठिबकते आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीतही ते साचते. एका गॅरेजने ब्रीदरची (इंजिनातील वायू बाहेर नेणारी) नळी काढून तेथे छोटा फिल्टर बसवला. तेव्हापासून सिग्नलला गाडी उभी राहिली की आत ऑइलचा वास येतो. दुसरे मिस्त्री म्हणतात की इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन' मारत असून रिंगा आणि बोअरचे काम काढावे लागेल. मुलाच्या मते कॅच कॅन (वायूतील ऑइल गोळा करणारा डबा) लावला की भागेल. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : तूर्त तिघांपैकी कोणाचेही ऐकू नका. मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तो सिलिंडरमधील वायू पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या तळभागात, उतरण्याचा प्रकार आहे. तो निरोगी इंजिनातही थोडाफार असतोच, आणि सुपरचार्जरमुळे सिलिंडरमधील दाब वाढत असल्याने येथे काहीसा अधिक असतो. शिवाय अशा इंजिनात रिंगा तापून जास्त फुगतात, म्हणून त्यांच्या टोकांमधील फट मुद्दाम थोडी मोठी, म्हणजे बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर १०० मिलिमीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे असा वायू निर्माण होतो की नाही, हा प्रश्नच नाही. तो किती होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट मोकळी आहे का, हे पाहायचे आहे.

ही वाट दुहेरी असते. इंजिन मंद चालत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) निर्वात तयार होतो आणि तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधील वायू ओढून पुन्हा जाळायला पाठवतो. घाटात पाय दाबून चढताना मात्र त्याच मॅनिफोल्डमध्ये सुपरचार्जरचा दाब भरतो. तो उलटा क्रँककेसमध्ये घुसू नये म्हणून हा एकमार्गी व्हॉल्व्ह बंद होतो, आणि जेव्हा वायू सर्वाधिक निर्माण होतो नेमक्या त्याच वेळी संपूर्ण भार दुसऱ्या वाटेवर, म्हणजे एअर फिल्टर आणि सुपरचार्जर यांच्या मधल्या नळीला जोडलेल्या ब्रीदरवर येतो. ही नळी तुंबलेली असेल, किंवा जुने रबर तापून मऊ पडल्याने आतून चिकटत असेल, तर दाब डिपस्टिकमधून आणि क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून स्वतःची वाट काढतो. सील हे उडणाऱ्या ऑइलला अडवण्यासाठी असते, दाब पेलण्यासाठी नव्हे. म्हणूनच कारण न काढता केवळ सील बदलले, तर नवे सीलही काही दिवसांत गळू लागते.

छोटा फिल्टर लावल्यानंतर डिपस्टिक वर येणे थांबले का, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि निदानासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. थांबले असेल तर दोष बहुधा जुन्या नळीचा आहे. थांबले नसेल तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) आतील ऑइल अडवणारी जाळी गाळाने भरली असावी, एकमार्गी व्हॉल्व्ह बंद होत नसून सुपरचार्जरची हवा थेट खाली जात असावी, किंवा रिंगा खरोखरच गेल्या असाव्यात.

सिग्नलला येणारा वासही काही सांगतो. गाडी उभी असताना निर्वात जोरकस असतो. त्या वेळी छोट्या फिल्टरमधून हवा आत ओढली गेली पाहिजे, बाहेर येता कामा नये. इंजिन गरम करून मंद चालू ठेवा, फिल्टर काढा आणि त्या तोंडावर कागदाचा कपटा धरा. कपटा चिकटला तर पीसीव्हीची वाट चालू आहे, आणि वास बहुधा घाटात फिल्टरमधून उडालेले ऑइल गरम भागांवर जळण्याचा असावा. कपटा उडाला तर तो व्हॉल्व्ह तुंबला आहे, किंवा त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक वायू खालून येतो आहे. मग व्हॉल्व्ह काढून स्वच्छ नळीने त्यात तोंडाने फुंकून पाहा. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. व्हॉल्व्ह आणि नळ्या मिळून जो खर्च येईल, तो इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो, आणि तरीही ही तपासणी सहसा शेवटी होते याचे मला नेहमी नवल वाटते.

एवढे झाल्यावर लीक-डाउन चाचणी करून घ्या. गरम इंजिनात प्रत्येक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि त्यातली किती टक्के गळते ते मोजतात. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनाला हात लावू नका. ती २० टक्क्यांच्या वर गेली आणि ऑइल भरण्याच्या तोंडाशी कान नेल्यावर फुसफुस ऐकू आली, तर मात्र दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरेल. आवाज सायलेन्सरमधून किंवा इनटेकमधून आला, तर दोष रिंगांचा नसून व्हॉल्व्हचा आहे.

चालत्या गाडीतला दाब पाहण्यासाठी मला आवडणारी एक साधी युक्ती आहे. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी घट्ट जोडावी, तिला किमान एक मीटर खोलीचा यू आकाराचा झोल देऊन त्यात रंगीत पाणी भरावे, आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक चढावर शेजारी बसलेल्याने वाचावा. १० सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे ०.०१ बार दाब. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा आकडा त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये घेतला, तर काम झाले की नाही याबद्दल कोणाशी वाद घालावा लागत नाही.

आता तुमच्या मुलाच्या सूचनेविषयी. कॅच कॅन दाब कमी करत नाही. तो वायूतील ऑइल वेगळे करतो. ते करणे उपयोगाचे आहे, कारण इनटेकमध्ये गेलेले ऑइल इंटरकूलरच्या आत थर धरते आणि पेट्रोलची नॉकिंगला (मिश्रण अवेळी आपोआप भडकण्याला) विरोध करण्याची क्षमता घटवते. नॉकिंगने पिस्टनच्या रिंगा बसणाऱ्या कडा तुटल्या, की खाली उतरणारा वायू आणखी वाढतो. मात्र रिकामा डबा निरुपयोगी असतो. आत जाळी आणि आडवे पडदे हवेत, आणि त्याच्या नळ्या मूळ ब्रीदरपेक्षा अरुंद नकोत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. तेव्हा एक्झॉस्टशेजारी बसवलेल्या डब्यात वाफ थंडच होत नाही आणि ऑइल पुढे निघून जाते, म्हणून तो पुढच्या बंपरमागे, वाऱ्याच्या झोतात बसवावा. डब्यातून निघणारी नळी मात्र सुपरचार्जरच्या आधीच्या मूळ जागीच जोडावी. तो छोटा उघडा फिल्टर काढून टाका. क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणे नियमांत बसत नाही, आणि ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो त्यांत या तोंडातून न मोजलेली हवा आत शिरून मिश्रण बिघडते. आपल्याकडील कपाशीच्या काळ्या मातीची धूळ त्या स्वस्त फिल्टरमधून आत गेली, तर आज चांगल्या असलेल्या रिंगाही उद्या झिजतील.

प्रश्न : हिवाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. कॅच कॅनमध्येही तसाच घट्ट द्रव साचतो. हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट वेगळे ठेवणारे पॅकिंग) गेले का, आणि तो द्रव पुन्हा इंजिनात ओतावा का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : गाडी गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर इंजिन पुरते तापत नाही आणि जळणातून आलेले पाणी ऑइलमध्ये मिसळून ही साय धरते. सेंधव्यापर्यंत एक फेरी मारून या. साय गेली आणि कूलंटची पातळी उतरली नाही, तर गॅस्केट शाबूत आहे. डब्यातील द्रवात पाणी, पेट्रोल आणि आम्ले असतात, म्हणून तो इंजिनात ओतू नये. थंडीत डबा दर आठ-दहा दिवसांनी रिकामा करावा आणि तो द्रव जुन्या ऑइलबरोबर गॅरेजमध्ये द्यावा.