जवारी कुठे तुटते?

घरी गाणं ऐकण्यासाठी उंची स्पीकर स्वतः बांधणाऱ्यांची, निदान तसं मनात घेतलेल्यांची, या खेपेला बरीच पत्रं आली. त्यातली सहा घेतली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जरा जास्त जागा दिली, कारण उरलेल्या निम्म्या पत्रांचं दुखणंही तेच होतं. नवख्यांसाठी आधी थोडे शब्द: बॉक्समधले आवाज काढणारे भाग ते ड्रायव्हर; त्यातला खालच्या सुरांचा वूफर, वरच्या सुरांचा ट्वीटर; आणि कोणते सूर कुणी वाजवायचे हे वाटून देणारं सर्किट तो क्रॉसओव्हर.

प्रश्न : परदेशातून महागडे ड्रायव्हर मागवले. साडेसहा इंची वूफर, एक इंची सिल्क डोम ट्वीटर. क्रॉसओव्हर बाजारातून तयार आणला, ३००० हर्ट्झचा. आवाज स्वच्छ आहे, पण पातळ. गायक टेलिफोनवर गातोय असं वाटतं. ड्रायव्हर बनावट असतील का? (नाशिक)

ड्रायव्हर बहुधा अस्सलच असतील. त्यांच्यावर संशय घेण्याआधी बॉक्सची रुंदी मोजा. समजा ती २० सेंटिमीटर आहे. वरच्या पट्टीतले सूर पुढच्या फळीवर टेकून सरळ तुमच्याकडे येतात. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात, त्या एवढ्याशा फळीला जुमानत नाहीत, वळसा घालून मागे निघून जातात. २० सेंटिमीटरच्या फळीला हा बदल साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपास होतो आणि त्याच्या बऱ्याच खाली गेलं की पुढे येणारा आवाज ६ डेसिबलपर्यंत घटतो. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झचा. म्हणजे पुरुष गायकाच्या गळ्याचं अंग सगळं घटलेल्या भागात आणि धार तेवढी शाबूत. टेलिफोन म्हणालात ते अगदी बरोबर आहे.

यावर उपाय एकच. वूफरचा वरचा भाग क्रॉसओव्हरमध्येच ३-४ डेसिबलनी खाली आणायचा. पूर्ण ६ नको, कारण मागची भिंत थोडं परत देते. त्यासाठी वूफरच्या वाटेत मोठी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, लागते आणि किंमत संवेदनशीलतेत, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज येतो त्यात, मोजावी लागते: ८८ डेसिबलच्या वूफरचा स्पीकर ८४चा होतो. फुकटात काही मिळत नाही. तयार क्रॉसओव्हर करणाऱ्याला तुमची फळी ठाऊकच नसते, तेव्हा तो हे करणार कसं? शिवाय त्याने हिशेब ८ ओहमच्या रेझिस्टरचा मांडलेला असतो. वूफर नावापुरता ८ ओहमचा. अनुनादाला, म्हणजे ज्या सुराला वूफर आपसूकच जोरात हलतो तिथे, तो ३०-४० ओहमपर्यंत चढतो आणि वरच्या सुरांत पुन्हा वाढत जातो.

खात्री करायची असेल तर आज रात्री दोन्ही स्पीकर भिंतीला टेकवून तीच बंदिश लावा. गळा भरला तर निदान पक्कं. मग तो क्रॉसओव्हर काढून ठेवा, त्यातले कपॅसिटर कामी येतील.

प्रश्न : क्रॉसओव्हर कानाने जुळवतोय, तीन महिने झाले. रोज वेगळंच बरं वाटतं. प्रतिध्वनीरहित प्रयोगशाळा कुठून आणू? (पुणे)

प्रयोगशाळा नको, गच्ची पुरे. कानावर तीन महिने भिस्त ठेवलीत हे मात्र चुकलं. कान निकाल द्यायला चांगला, मोजणी करायला वाईट.

मोजणीचा माइक घ्या. स्पीकर उंच स्टुलावर असा ठेवा की ट्वीटर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटरवर येतील. दोघांत अंतर १ मीटर. थेट आवाज १ मीटर चालतो, जमिनीवरून उसळलेला २.६ मीटर. फरक १.६ मीटरचा, म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिसेकंदांचा. सॉफ्टवेअरला सांगायचं, तेवढंच ऐक, पुढचं कापून टाक. त्यातून साधारण २२० हर्ट्झच्या वरचं चित्र हाती येतं, ४००च्या वर तर चांगलंच. खालचं वूफरच्या अगदी तोंडाशी माइक धरून वेगळं मोजायचं. कठड्यापासून दूर राहा आणि पाण्याची टाकी माइकच्या मागे येऊ देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांना हात देतात तिथे दोघांची पावलं एकत्र पडली पाहिजेत. १९७६ साली झिगफ्रीड लिंकविट्झने मांडलेली रचना, जिला रायलीचंही नाव जोडलेलं आहे, ती याचसाठी लोकप्रिय झाली. दर सप्तकाला २४ डेसिबलच्या उताराची घेतलीत तर पडताळा सोपा आहे: ट्वीटरच्या दोन वायरी उलट जोडा आणि पुन्हा मोजा. सांध्यावर खोल खड्डा दिसला पाहिजे, २५-३० डेसिबलचा. खड्डा उथळ किंवा सरकलेला असेल तर पावलं जुळलेली नाहीत. मग वायरी सुलट करायला विसरू नका. मी एकदा विसरलोय.

कानाची परीक्षा त्यानंतर. नुसत्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावा, एकाच स्पीकरवर. काळी एकला खर्जाची तार ६९ हर्ट्झची, पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणत्कारामुळे, तिची ताकद वरच्या अंशस्वरांत, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांत, जाते. ३४६ हर्ट्झवरचा स्वयंभू गांधार, तारेतून आपोआप उमटणारा, तर सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याही वर तारेची ती चमक काही हजार हर्ट्झपासून हळूहळू खाली घरंगळत येते. चांगल्या स्पीकरवर ती सलग येते. सांध्यात खड्डा असेल तर २-३ हजारांच्या आसपास ती क्षणभर हरवते आणि खाली पुन्हा उगवते. एकदा ऐकलंत की ते कानातून जात नाही.

एक आपल्याकडची अडचण. परदेशी आराखडे खुर्चीत बसणाऱ्याला धरून असतात. आपण गादीवर बैठक मारतो. दीड मीटर अंतरावर कान ट्वीटरच्या ३० सेंटिमीटर खाली गेला आणि दोन ड्रायव्हरांच्या मध्यांत १५ सेंटिमीटर असले, तर २५०० हर्ट्झला वाटेत जवळपास ३ सेंटिमीटरचा फरक पडतो. तिथली लाट १४ सेंटिमीटरची, म्हणजे पाचवा हिस्सा. सांध्यावर २ डेसिबल गेले. बैठकीवर ऐकणार असाल तर माइकही बैठकीच्या उंचीवर धरा, किंवा बॉक्स थोडा पुढे झुकवा.

आणि कॉइल एकमेकींशेजारी आडव्या ठेवू नका. माझे दोन दिवस ट्वीटरमध्ये न समजणारा फुगवटा शोधण्यात गेले. शेवटी कळलं, वूफरची कॉइल शेजारणीशी चुंबकीय गप्पा मारत होती. एक उभी केली, फुगवटा गेला.

प्रश्न : बॉक्स शिसवी किंवा भरीव सागवानाचा करावा का? वाद्यं लाकडाची असतात, मग स्पीकर का नको? (रत्नागिरी)

तंबोऱ्याने बोलायचं असतं, बॉक्सने गप्प बसायचं असतं. भरीव लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि सांधे उघडे पडतात. कोकणात साध्या एमडीएफचंही खरं नाही. कडांनी पाणी पितो आणि स्क्रू धरत नाही. चांगला १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या, आत आडवी फळी ठोका, बाहेरून सागाचा व्हिनिअर लावायचा तर आतल्या बाजूलाही काहीतरी लावा, नाहीतर फळी बाक धरेल.

सगळे बॉक्सच्या भिंती जाड करायच्या मागे असतात. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात उलटं केलं. फिरत्या व्हॅनमधल्या कामासाठी बनवलेल्या त्यांच्या छोट्याशा एलएस३/५एच्या भिंती पातळ बर्च प्लायच्या होत्या, आतून डांबरी पट्ट्या डकवलेल्या. कंपन कानाला कमी जाणवेल अशा जागी खाली उतरवायचं आणि तिथेच जिरवायचं, हा विचार. बोटाच्या पेराने बॉक्सवर टकटक करा. आवाज आखूड आणि मेलेला हवा, सूर लागता कामा नये.

प्रश्न : बंद बॉक्स की पोर्टवाला? (कोल्हापूर)

पोर्ट म्हणजे बॉक्सला बास वाढवण्यासाठी बसवलेली उघडी नळी. लहान खोलीत शास्त्रीय ऐकणाऱ्याला मी बंद सांगतो. बंद बॉक्समध्ये खालचा आवाज सप्तकाला १२ डेसिबलनी उतरतो, पोर्टवाल्यात २४नी. पोर्ट थोडं खोलवर नेतो खरा, पण त्याच्या खाली एकदम कडा आहे. बंद बॉक्सच्या सावकाश उताराला लहान खोली स्वतःच टेकू देते. एडगर व्हिल्चरने १९५४ साली याच तत्त्वावर लहान बॉक्समधून मोठा बास काढून दाखवला होता.

पोर्टच घालायचा असेल तर अंदाजाने नळी कापू नका. नेव्हिल थीलने १९६१मध्ये आणि त्याच्यानंतर रिचर्ड स्मॉलने बॉक्स आणि पोर्टचं जे गणित बसवलं त्याचे आकडे प्रत्येक बऱ्या ड्रायव्हरच्या कागदावर छापलेले असतात. चाचणी डग्ग्याची. वादक मनगट दाबून मींड काढतो तेव्हा घुमारा सारखा सरकला पाहिजे; मध्येच एक सूर फुगला तर नळी चुकली आहे, किंवा खोली.

प्रश्न : स्पीकरची वायर ४० हजारांची घ्यावी का? (ठाणे)

नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. ५ मीटरला जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात. उरलेल्या पैशांत मोजणीचा माइक येईल.

प्रश्न : खोली १० बाय १२. एकच सूर घुमतो. सतरंजी टाकली, पडदे लावले, फरक नाही. (डोंबिवली)

सतरंजी आणि पडदे वरचे सूर खातात, घुमणाऱ्याला हातही लावत नाहीत. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झ अडकतो, १२ फुटांत ४७, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९. ५६ आणि ५९ शेजारी-शेजारी, म्हणून तिथे ढीग साचतो. स्पीकर बदलून हे जाणार नाही, जागा बदलून कमी होईल.

स्पीकर १० फुटी भिंतीशी ठेवा, पण कोपऱ्यात नको. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसत असणार. तिथे बास सगळ्यात जास्त. अगदी मधोमध बसलात तर ४७ हर्ट्झ गायब होईल. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसून सुरुवात करा आणि डग्ग्याचं तेच ध्वनिमुद्रण लावून अर्ध्या-अर्ध्या फुटाने पुढे-मागे सरका. बाल्कनीचं दार उघडंही ठेवून बघा, बराचसा बास बाहेर निघून जातो. शेजाऱ्यांची झोप सांभाळून.