कॅम्पर 38,000चा, हिशेब 67,000चा

प्रश्न: मी 61 वर्षांचा, पत्नी 60. आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. घराचं कर्ज फिटलंय, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. 2021 सालचा, 34 फुटी फिफ्थ व्हील कॅम्पर (पिकअपमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) 38,000 डॉलरला मिळतोय. 8,000 रोख भरले तर उरलेल्या 30,000चं कर्ज विक्रेता 9 टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी मिळवून देतो म्हणतोय. त्याऐवजी 401-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, एकरकमी पैसे काढावेत का? आमच्याकडे फोर्डचा एफ-150 पिकअप आहे. हिवाळ्यात तीन महिने आईपाशी पुण्यात असतो. बाकीचं वर्ष फिरायचं, मोन्टानातलं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान बघायचं, असं ठरवलंय.

उत्तर: नमस्कार. तुमचं पत्र वाचून आनंद झाला. तीस वर्षं नोकरी करून आता हा देश सावकाश, जोडीनं बघायचा, यात मला काहीच वावगं वाटत नाही. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यात. फक्त ते कुठे आणि किती जाणार, हे आधी माहीत असावं.

तुम्ही पत्रासोबत दोन फोटो पाठवलेत. मी आधी कॅम्परचा नाही, दुसरा फोटो मोठा करून बघितला. तुमच्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराआतलं पिवळं-पांढरं लेबल. त्यावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून वजन 1,640 पौंडांच्या वर जाता कामा नये. तुमच्या कॅम्परचं जास्तीत जास्त मान्य वजन 14,000 पौंड आहे. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (जोडणीच्या सांगाड्यावर) टेकतो, आणि एकूण वजनाचा साधारण 20 ते 25 टक्के भार तिथे येतो. 20 टक्केच धरले तरी 2,800 पौंड झाले. त्यात हिचचे दीडशे आणि तुम्हा दोघांचे तीनशे मिळवा: 3,250. म्हणजे लेबलवर आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. विक्रेता ‘एफ-150 आरामात ओढेल’ म्हणाला असेल, पण ओढणं वेगळं आणि पाठीवर पेलणं वेगळं. उतारावर ब्रेक दाबताना हा फरक कळतो, आणि तिथे तो कळू नये.

तेव्हा ट्रक बदलावा लागेल. पाऊण टनी, म्हणजे एफ-250च्या वर्गातला डिझेल ट्रकही इथे बऱ्याचदा अपुरा पडतो, कारण त्याच्या जड इंजिनातच बरीचशी क्षमता खर्ची पडते. एक टनी, म्हणजे एफ-350 किंवा रॅम 3500च्या वर्गातला घ्यावा लागेल. घेताना एक बघा: ट्रक आणि ट्रेलर यांची मान्य वजनं मिळून 26,000 पौंडांच्या वर गेली, तर टेक्ससमध्ये वर्ग ‘ए’चा बिनव्यावसायिक परवाना काढावा लागतो.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते इथे तंतोतंत लागू पडतं. कॅम्पर 38,000, त्यावर टेक्ससचा सव्वासहा टक्के कर 2,375. तुमचा पिकअप विकून जुना पण चांगला एक टनी घ्यायचा तर वरचे 24,000 तरी धरा. हिच, ब्रेक कंट्रोलर, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप वगैरे 2,500. झाले जवळपास 67,000.

आता वर्षाचा खर्च. हे माझे अंदाज आहेत, तुम्ही स्वतः भाव काढून ते बदला. पाच वर्षांनी कॅम्पर 22,000ला विकला जाईल असं धरलं तर घसारा वर्षाला 3,200. ट्रकचा वाढीव घसारा 2,000. तुमच्या वसाहतीत घरासमोर कॅम्पर उभा करू देत नाहीत, म्हणून जागाभाडं महिना 120 प्रमाणे 1,440. विमा 1,000. टायर, बेअरिंग, छपराचं सीलंट, हिवाळ्याआधी पाण्याच्या नळ्या रिकाम्या करणं, या सगळ्याचे 2,000. आणि 67,000 गुंतून पडल्यामुळे 4 टक्क्यांनी बुडालेलं व्याज 2,680. बेरीज 12,320. डिझेल आणि कॅम्पग्राउंडचं भाडं यात नाही.

या रकमेला वापराच्या रात्रींनी भागायचं. तुमचं वर्ष माझ्यासमोर आहे: डिसेंबर ते फेब्रुवारी पुणे. जुलै-ऑगस्टमध्ये टेक्ससच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत राहवत नाही, तेव्हा उत्तरेला जायचं तर जाण्यायेण्यातच आठवडा मोडतो. पहिल्या वर्षी खरोखर पन्नास रात्री झाल्या तरी पुष्कळ. म्हणजे रात्रीला 246 डॉलर. शंभर रात्री झाल्या तर 123. शंभर रात्री घालवणाऱ्यांना मी हा व्यवहार खुशाल करा म्हणून सांगितलंय. तुमच्याबाबत मला अजून तसं म्हणवत नाही.

कर्जाचा प्रस्ताव सरळ नाकारा. त्याचा हप्ता सुमारे 304 डॉलर बसतो, म्हणून तो हलका वाटतो. पाच वर्षं भरल्यावरही 24,000 देणं शिल्लक राहतं, आणि वस्तू तोवर 22,000वर आलेली असते. आईच्या तब्येतीसाठी पुण्याला लांब मुक्काम करायची वेळ आली आणि कॅम्पर विकावा लागला, तर वर पदरचे पैसे घालून विकाल. ‘दुसरं घर म्हणून व्याजावर करसवलत मिळते’ हे विक्रेत्याचं म्हणणं नियमाला धरून आहे, कारण झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असली की आरव्ही, म्हणजे असं चाकांवरचं घर, त्यात बसते. पण ती सवलत सरसकट प्रमाणित वजावटीऐवजी खर्चाची वेगवेगळी वजावट घेणाऱ्यांनाच मिळते. 2025 साठी जोडप्याची प्रमाणित वजावटच 31,500 होती, आणि तुमच्या घरावर कर्ज नाही. तुम्हाला त्याचा उपयोग शून्य.

401-के मधून एकरकमी काढण्यालाही माझा नकार आहे. साडेएकोणसाठ उलटल्यामुळे दंड नाही, पण पगार चालू असताना काढलेला प्रत्येक डॉलर तुमच्या वरच्या कर टप्प्यात पडेल. निवृत्तीनंतर काढलात तर दुसरी अडचण: मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा 65ला, तोवर तुम्ही सरकारी विमाबाजारातला (मार्केटप्लेस) आरोग्यविमा घेणार, आणि त्याच्या हप्त्यावरची मदत उत्पन्नावर ठरते. एका वर्षात साठ-सत्तर हजार जादा दिसले तर ती मदत जाऊ शकते. घ्यायचाच झाला तर बचत खात्यातल्या रोकडीतून घ्या, आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवून उरतील तेवढ्यातच बसवा.

जिनसेबद्दलही थोडं. 2021 साली उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांतून 6,00,240 आरव्ही बाहेर पडल्या. तो उच्चांक. 2023 मध्ये तोच आकडा 3,13,174 होता. साथीच्या काळात हौसेनं घेतलेल्या त्या गाड्या आता विकायला येताहेत, तेव्हा घाई तुम्हाला नाही, विकणाऱ्याला आहे. काही वर्षांपूर्वी एका अशिलाबरोबर मी फोर्ट वर्थच्या बाहेर असाच एक कॅम्पर बघायला गेलो होतो. आत सुगंधी फवारा मारलेला. पलंगाच्या डोक्याशी, वरच्या कोपऱ्यात भिंतीचा कागद बोटभर फुगलेला. अंगठ्यानं दाबला तर मागचं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं आत गेलं. छपराच्या एका चिरेतून वर्षभर पाणी झिरपत होतं. दुरुस्तीचा अंदाज विचारून आम्ही परत फिरलो. तुम्ही कोपरे, स्लाइडच्या (बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) कडा आणि खिडक्यांखालची जमीन स्वतः दाबून बघा, आणि त्यानंतरही स्वतंत्र प्रमाणित तपासनीस लावा. त्याचे काही शे डॉलर वाचवू नका. टायरवर ‘डीओटी’नंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी इतके जुने टायर बदलायचेच, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

ग्लेशियरबद्दल एक. तिथल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या मधल्या टप्प्यावर 21 फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे. कॅम्पर खाली ठेवावा लागेलच, पण आठ फुटी हौद्याचा, चार दारांचा एक टनी ट्रकही 21 फुटांच्या वर जातो. ज्या रस्त्यासाठी निघालात, त्यावर तुमचा ट्रकही जाणार नाही. घेतलात तर छोट्या हौद्याचा घ्या.

माझं मत: या वर्षी विकत घेऊ नका. ऑक्टोबरमध्ये असाच कॅम्पर दहा रात्रींसाठी भाड्यानं घ्या. अनेक मालक तो कॅम्पग्राउंडवर आणून, लावून देतात, ट्रकचा प्रश्नच येत नाही. टेक्सस-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या टेक्सोमा तळ्याकाठी आर्मी कोअरची (लष्कराच्या अभियंता विभागाची) कॅम्पग्राउंड आहेत. तुम्ही 62चे झालात, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असलात, तर 80 डॉलरचा आजीवन सीनियर पास काढा. तिथलं भाडं बऱ्याच ठिकाणी निम्मं होतं. एवढ्या रात्री तुम्हा दोघांना मानवल्या तर वसंतात पुन्हा तीन आठवडे जा.

आणि वहिनींना विचारा. पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. हा 34 फुटी ट्रेलर मागे घ्यायला त्या शिकणार आहेत का? मोन्टानात तुमची पाठ धरली तर गाडी घरी कोण आणणार? त्या हो म्हणाल्या, तर त्यांच्यासाठी एक तास शिकवणी लावा, रिकाम्या पार्किंगमध्ये, ट्रक घ्यायच्या आधी.