शिक्षकाला अभ्यासक्रमात स्वतःचं काही करता येतं का, की पुस्तक पुढं ढकलत न्यायचं एवढंच काम?

तुम्ही लिहिलंय की पवित्र पोर्टलमधून (सरकारी शिक्षक भरतीतून) नुकतेच लागलाय आणि पहिल्याच महिन्यात सगळं वरून ठरलेलं बघून हिरमुसलाय. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीचं गणित माझ्याकडं. तर माझा अनुभव असा की काय शिकवायचं ते आपल्या हातात नाही, पण कशातून शिकवायचं, आधी काय घ्यायचं आणि कशावर किती दिवस घालवायचे, यात चांगली मोकळीक आहे. फक्त ती टाचणात, म्हणजे तासाच्या आधी लिहायच्या नियोजनात, दाखवता आली पाहिजे.

वरची उतरंड तुम्हाला डीएडला पाठ केलेली असेलच, दिल्लीच्या एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (आधी २००५ चा, आता २०२३ चा), त्यावरून पुण्याच्या एससीईआरटी या राज्याच्या संस्थेचा राज्यापुरता आराखडा, आणि पुस्तक बालभारतीचं. शिक्षण हक्क कायद्याचं २४ वं कलम म्हणतं की सगळा अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करायचा, म्हणजे घटक गाळणं जमणार नाही. पण पुस्तक म्हणजेच अभ्यासक्रम असं कुठं लिहिलंय? बघायची असते ती अध्ययन निष्पत्ती, पोराला ते करता येतंय का एवढंच, मग ते पुस्तकातल्याच उदाहरणातून आलं पाहिजे असं काही नाही. हे आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा सगळ्यांना पटत नाही बरं का.

आता सहावीला स्तंभालेख पुस्तकात दशांश अपूर्णांकानंतर येतो. मी तो जुलैअखेरीलाच घेतो, कारण तेव्हा कृष्णा चढायला लागते आणि घराघरात मोबाईलवर एकच विषय असतो, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका हे पोरांना पाढ्यापेक्षा पक्कं पाठ, आणि २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलेलं घरच्यांकडनं शंभरदा ऐकलेलं. आठ दिवसांची पातळी लिहून घेतली, प्रमाण ठरवलं आणि काढा म्हटलं स्तंभ. एका पोरीनं ४१ फूट ६ इंचाचा स्तंभ ४१.६ वर नेऊन ठेवला. मी चूक म्हटलं नाही, फूटपट्टी हातात दिली. फुटात इंच किती? बारा. मग सहा इंच म्हणजे? जरा वेळ पट्टीकडं बघत बसली, मग "अर्धा फूट की सर, साडेएकेचाळीस झालं" म्हणत स्वतःच खोडलं. दशांश अपूर्णांक आमच्याकडं तिथनंच सुरू झाला.

एकमान पद्धतीचं (आधी एकाची किंमत, मग त्यावरून अनेकांची) पण तसंच. मी आपला शहाणा, फळ्यावर द्राक्षाचा दर किलोला लिहिला, तर मागच्या बाकावरनं आवाज, "सर, दर किलोला न्हाई, पेटीला असतोय, चार किलोच्या." बरोबर होतं त्याचं! मग त्यालाच उदाहरण घालायला लावलं, आणि तो तास माझ्यापेक्षा त्यानंच जास्त घेतला.

अडचण येते ती तपासणीला. एकदा साहेबांनी विचारलंच, हा घटक आत्ता कसा काय? मी वार्षिक नियोजनात क्रम आधीच बदलून मुख्याध्यापकांची सही घेतली होती, ते पान पुढं केलं, विषय संपला. सही नसती तर बोलणी खाल्ली असती, त्यामुळे हे जूनमध्येच उरका. आणि संकलित चाचणीच्या, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेच्या, आधी कोणते घटक व्हायला पाहिजेत ते बघूनच क्रम हलवा, नाहीतर पोरं अडकतात आणि पालक येऊन आपल्यालाच विचारतात.

खालनं वर काही जात नाही असंही नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) ऐकलं असेल, जिल्हा परिषदेच्या साध्या शाळा, ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायचं अशा रीतीनं, फरशीवर खडूनं आखून शिकवायच्या, ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून येत होते. आणि बालभारतीच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं कधी वाचलीत का? समित्यांच्या नावांत शाळेवरचे शिक्षकही असतात.

दहावीच्या वर्गाला मात्र हे सगळं फार चालत नाही, बोर्डाचा पेपर डोळ्यासमोर असतो, तिथं फार तर उदाहरणं बदलता येतात. तुमच्याकडं कोणता वर्ग आहे ते लिहा, पाचवी-सहावी असेल तर माझं नियोजन पाठवतो.